बोलेट अळंबी : आधी शोध, मग लागवड

पाऊस स्थिरावला की पूर्व विदर्भाच्या बाजारात सात्या दिसू लागतात, वऱ्हाडाकडे टेकोड्यांची चौकशी सुरू होते, आणि चार दिवस चांगल्या भाजीपेक्षा जास्त भावाने विकली जाणारी ही रानची भेट पुन्हा वर्षभर कोणाच्या लक्षात राहत नाही. या सगळ्या अळंब्यांच्या छत्रीच्या खालच्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पट्ट्या असतात. पण अळंबीच्या जगात एक मोठे घराणे असे आहे की, त्याच्या छत्रीखाली पट्ट्या नसतात. तिथे बारीक छिद्रांचा, स्पंजासारखा जाड थर असतो. हे घराणे म्हणजे बोलेट. इटलीत ‘पोर्चिनी’ म्हणून वाळवून विकली जाणारी, जगातल्या महागड्या अळंब्यांपैकी एक, ती याच घराण्यातली. वर्धा जिल्ह्यात बोलेट उगवते का, असा प्रश्न विचारला तर बहुतेक जाणकार नकारार्थी मान हलवतील, आणि त्यांच्याकडे त्याची चांगली कारणेही असतील. तरीही तो नकार तपासून पाहिला पाहिजे, आणि ती तपासणी जंगलाऐवजी नालवाडीसारख्या शहराला चिकटलेल्या गावापासून आणि आर्वी-आष्टी-कारंजाच्या संत्राबागांपासून सुरू झाली पाहिजे, असे मला वाटते. शिवाय ही तपासणी होईपर्यंत बोलेटच्या लागवडीची कोणतीही योजना इकडे येऊ देऊ नये, असेही माझे ठाम मत आहे.

नकारामागची कारणे आधी पाहू. बोलेट घराण्यातल्या बहुसंख्य जाती जिवंत झाडाच्या मुळाशी भागीदारी करून जगतात. बुरशीचे तंतू मुळांच्या बारीक टोकांभोवती म्यान विणतात, मातीतले पाणी आणि स्फुरद झाडाला पोचवतात आणि बदल्यात झाडाने पानात तयार केलेली साखर घेतात. मात्र ही भागीदारी कोणत्याही झाडाशी जमत नाही. ओक, पाइन, देवदार, साल आणि त्याचे दक्षिणेतले नातेवाईक अशी मोजकीच कुळे तिला राजी असतात. आपल्याकडचा साग, मोह, पळस, बाभूळ, ऐन, कडुनिंब, बांबू हे सगळे वेगळ्या प्रकारच्या सूक्ष्म बुरशीशी संसार करतात. ती बुरशी मुळाच्या पेशींत शिरते आणि जमिनीवर कधीच छत्री काढत नाही. म्हणून विदर्भाचे जंगल कितीही दाट असले तरी तिथे बोलेटची रेलचेल नसते. सालवनाची हद्द ओलांडून छत्तीसगडात गेलो की चित्र पालटते. बस्तरच्या बाजारात पहिल्या पावसानंतर ‘बोडा’ येतो आणि त्याच्या भावाची चर्चा वर्तमानपत्रांत होते. तो गोल गोळा दिसायला बोलेटसारखा नसला तरी त्याच गणातला, सालाच्या मुळाशी बांधलेला. पूर्व भारतातल्या सालवनांतून तर २०१८ साली बोलेट कुळातली एक संपूर्ण नवी प्रजातीच शास्त्रज्ञांनी जगासमोर मांडली. ‘इंडोपोरस’ हे तिचे नाव, आणि तिच्या पहिल्या जातीला नाव मिळाले सालाच्या शास्त्रीय नावावरून : ‘इंडोपोरस शोरी’. झाड आणि अळंबी यांचे नाते इतके घट्ट की एकीच्या नावातच दुसऱ्याचे नाव गुंफावे लागले.

इथपर्यंतचा युक्तिवाद बरोबर आहे, पण तो पूर्ण नाही. बोलेटच्या गणात ‘फ्लेबोपस’ नावाची एक प्रजाती आहे, आणि ती हा नियम पाळत नाही. उष्ण प्रदेशात जगभर पसरलेल्या या प्रजातीच्या जाती आकाराने राक्षसी असतात. ऑस्ट्रेलियात आढळणारी ‘फ्लेबोपस मार्जिनेटस’ एकाच फळात अनेक किलो भरते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची जात मात्र ‘फ्लेबोपस पोर्टेन्टोसस’. बर्कली आणि ब्रूम या इंग्रज अभ्यासकांनी ती १८७० च्या दशकात श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून प्रथम वर्णिली. काळपट तपकिरी छत्री, जाडजूड दांडा, पिवळसर गर. उत्तर थायलंडच्या बाजारात ती आवडीने विकत घेतली जाते, चीनच्या युन्नान प्रांतातही तिला मोठी मागणी आहे. तिची खासियत म्हणजे ती घनदाट रानाची वाट पाहत नाही. बागा, रस्त्याच्या कडा, आंबा, फणस, कॉफी, पपनस अशा माणसाने लावलेल्या झाडांच्या आसपास ती उगवते. थायलंडमधल्या संशोधकांनी तर २०१२ मध्ये दाखवून दिले की कोणतेही झाड सोबतीला नसताना, केवळ कृत्रिम माध्यमावर ती फळ धरू शकते. बोलेटच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. पोर्चिनीला आजवर कोणी शेडमध्ये पिकवू शकलेले नाही.

याच प्रजातीत एक धागा पुन्हा पुन्हा दिसतो, आणि तो थेट विदर्भाकडे येतो. ब्राझीलमध्ये या प्रजातीतली एक जात लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर आढळल्याच्या नोंदी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या आहेत. दक्षिण व्हिएतनाममध्ये २०१२ साली वर्णिलेली ‘फ्लेबोपस स्पॉन्जिओसस’ पपनसाच्या झाडाखाली मिळाली. अर्जेंटिनातली ‘फ्लेबोपस ब्रूकाय’ ज्या झाडाशी जोडलेली असते ते झाड लिंबाच्याच कुळातले. तीन वेगवेगळे देश, तीन वेगवेगळ्या जाती, आणि तिन्ही ठिकाणी लिंबूवर्गीय कुळाची मुळे. हा योगायोग असू शकतो, पण दुर्लक्ष करावे असा योगायोग नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, देशाची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात आहे, वर्धा जिल्ह्याच्या वायव्य टोकाचे अर्थकारण संत्र्याच्या बहारावर हलते. या प्रजातीचे विदर्भात कुठे घर असायचे असेल तर ते शोधायला संत्रापट्ट्याइतकी सयुक्तिक जागा दुसरी सुचत नाही.

या मुळांवर नेमके काय चालते हे संत्रा बागायतदाराला समजावायला फार शब्द लागत नाहीत, कारण त्याचे अर्धे रूप त्याने पानांवर रोज पाहिलेले असते. काळी माशी पानातला रस शोषते, गोड चिकटा टाकते, त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि बाग कोळशीने काळवंडते. फ्लेबोपसच्या बाबतीत असाच व्यवहार जमिनीखाली होतो. मुळांवर बसलेले पिठ्या ढेकणासारखे कीटक रस शोषतात आणि गोड स्राव टाकतात. बुरशी त्या स्रावावर पोसते आणि त्या कीटकांभोवती आपल्या तंतूंची कडक खोळ उभारून त्यांना ओलावा आणि आसरा देते. मुळांवर गाठी दिसतात, त्या फोडल्या तर आत कीटक. बुरशीला अन्न मिळते, कीटकाला घर मिळते. झाडाला काय मिळते, याचे सरळ उत्तर अजून नाही. काही अभ्यासकांना ती झाडाची अर्धीमुर्धी भागीदार वाटते, तर ब्राझीलच्या बागांत हे त्रिकूट उपद्रव म्हणून नोंदले गेले. आणि माझा सारा मुद्दा याच अनुत्तरित जागेवर उभा आहे.

युन्नानच्या शिशुआंगबान्ना भागात फ्लेबोपस पोर्टेन्टोससची लागवड व्यावसायिक झाली आहे. शेडमध्येही होते, बागेतल्या झाडांना बीज लावूनही होते. उत्पन्न चांगले, मालाला भाव, फारशी पाणथळ जमीन लागत नाही. अशी बातमी एखाद्या शेतकरी मेळाव्यात पोचायला किती वेळ लागतो? धिंगरी अळंबीचे प्रशिक्षण गावोगाव झालेच आहे. ‘काळी बोलेट, थेट संत्र्याच्या बुंध्याशी, एका बागेत दोन उत्पन्ने’ असे पत्रक कोणी छापले तर ते विकत घेणारे हात आपल्याकडे नक्की मिळतील, कारण कर्जाखाली दबलेला माणूस नव्या आशेला नाही म्हणत नाही. पण धिंगरी आणि फ्लेबोपस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धिंगरी सोयाबीनच्या कुटारावर, गव्हाच्या काडावर जगते. पीक निघाले की पिशवी खतात टाकली, प्रश्न संपला. जिवंत मुळांवर, किडीच्या संगतीने राहणारी बुरशी बागेत एकदा शिरली की तिला परत बाहेर काढण्याचा मार्ग नाही. संत्र्याचे झाड आधीच डिंक्या, मूळकूज, कोळशी आणि पाण्याच्या ओढाताणीने मेटाकुटीला आलेले. त्याच्या मुळाशी पिठ्या ढेकणाला पक्के घर बांधून देणारी परकी बुरशी आपण अनुदान देऊन नेऊन सोडायची का? बाहेरून आलेल्या जिवांचा हिशेब या भूमीने पुरेसा चुकता केला आहे. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्याजवळ नजरेत आले, आज विदर्भाचा एक बांध त्याच्यावाचून नाही. अमेरिकेकडून आलेल्या पिठ्या ढेकणाने २००५ नंतरच्या हंगामांत कपाशीवर जे थैमान घातले त्यात हेच गाजरगवत त्याचे वसतिस्थान बनले. एका परक्याने दुसऱ्याला जागा करून दिली.

यावर कोणी म्हणेल की मग ही अळंबी आपल्याकडे मुळात नाही असे धरून चालू आणि बाहेरचे बीज बंद करू. तेही मला पटत नाही, कारण ‘नाही’ हेसुद्धा विधान आहे आणि त्यालाही पुरावा लागतो. कदाचित ही जात, किंवा तिची एखादी देशी बहीण, आधीच इथे असेल. मग प्रश्नाचे रूपच बदलते. मुळांवरच्या गाठींकडे बागायतदाराने काळजीने पाहायचे की कौतुकाने, हे ठरवायला अभ्यास लागेल, आणि पुढे कधी लागवड करायचीच झाली तर परके बीज न आणता इथलेच वाण वापरता येईल. उलट बाजूनेही मी सावध आहे. शिशुआंगबान्नाची माती लाल आणि आम्लधर्मी, तिथला पाऊस आपल्यापेक्षा जास्त. वर्ध्याची जमीन काळी, भारी, चुनखडीची, उन्हाळ्यात भेगाळणारी. इथे ही बुरशी तग धरणारच नाही, असा निष्कर्ष निघण्याची शक्यता मला कमी वाटत नाही. पण तो निष्कर्ष निघाला तरी त्याची किंमत आहे : पत्रक घेऊन येणाऱ्या विक्रेत्याला तो दाखवता येईल.

मग नोंद कोणी करायची? महाराष्ट्रात अळंबीशास्त्राची परंपरा नाही असे मुळीच नाही. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेने, अनेक दशके बुरशींचे नमुने जमवले. नैर्ऋत्य भारतातल्या छत्रीधारी अळंब्यांवरचा तिचा प्रबंध १९८० मध्ये निघाला आणि त्यात साठे-देशपांडे यांनी महाराष्ट्रातल्या अळंब्यांची मांडणी केली. तिथल्या संग्रहाला बुरशीशास्त्रज्ञ आजरेकरांचे नाव आहे. पण मूठभर संशोधक आणि इतके मोठे राज्य. अळंबी चार दिवस वर येते आणि कुजून जाते. पुण्याहून किंवा नागपुरातूनही माणूस येईपर्यंत ती उरत नाही. नेमक्या त्या चार दिवसांत तिथे हजर असतो तो गावातला माणूस. म्हणूनच २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्यांची कल्पना मांडली, ती मला अतिशय योग्य वाटते. महाराष्ट्राचे जैवविविधता मंडळही २०१२ पासून नागपुरात बसते. दुखणे अंमलबजावणीचे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, चुकणाऱ्या राज्यांवर महिना दहा लाखांचा भार टाकला, आणि मग देशभर वह्या भराभर तयार झाल्या. दंडाच्या धाकाने भरलेल्या वहीत पावसाळ्यातले चार दिवस कसे सापडणार? त्यात कायद्याची भाषाही आडवी येते. जैविक संसाधन म्हणजे वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव, असे तो म्हणतो. दोन किलोची अळंबी यांतल्या कोणत्या रकान्यात बसवायची? आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जाती आयोगाने २०२१ मध्ये प्राणी आणि वनस्पतींच्या बरोबरीने बुरशींचाही स्वतंत्र उल्लेख करण्याचे ठरवले. राज्य मंडळाने एक साधे परिपत्रक काढून आपल्या वह्यांत तो स्वतंत्र भाग घालावा. कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

नालवाडीचे नाव मी घेतो ते याचसाठी. वर्धा शहर आता नालवाडीत मिसळले आहे. वसाहती, दुकाने, सिमेंटचे रस्ते यांच्यामध्ये उरलेली झाडे म्हणजे अंगणातला लिंबू, परसातला आंबा, कुंपणाकडेचा फणस, एखाद्या जुन्या संस्थेच्या आवारातली बाग. इथे कसली आली जैवविविधता, हा आक्षेप मला ठाऊक आहे. सालवनातल्या बोलेटसाठी तो रास्तही ठरेल. फ्लेबोपससाठी मात्र हीच जागा योग्य आहे, कारण ती माणसाने लावलेल्या झाडांची आणि खणलेल्या मातीची सोबतीण. आणि या गावाला तपासून पाहण्याचा वारसा आहे. विनोबा भावे १९३२ मध्ये इथे येऊन राहिले ते केवळ सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे स्वतःच्या शरीरावर आजमावायला. १९३८ मध्ये ते पवनारला जाईपर्यंत नालवाडी ही ग्रामोद्योगांची प्रयोगभूमी होती. मेलेल्या जनावराचे कातडे कमावण्यासारखे, तुच्छ मानलेले काम इथल्या चर्मालयात शास्त्र म्हणून हाती घेतले गेले. जे सांगायचे ते आधी करून, मोजून पाहायचे, ही त्या प्रयोगांची शिस्त होती. अळंबीच्या योजनेलाही तीच शिस्त लावावी, एवढीच अपेक्षा आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप विषबाधेचा आहे, आणि त्याला उडवून लावणे गुन्हा ठरेल. लोकांना अळंबी शोधायला लावाल आणि कोणी खाऊन मरेल. हे खरे आहे की किड्याने खाल्लेली अळंबी बिनविषारी, असे ठोकताळे निखालस खोटे आहेत. बोलेटमध्येही विषारी जाती आहेत, आणि युन्नानमध्ये तर नीट न शिजवलेल्या काही बोलेटमुळे दरवर्षी माणसे भ्रम होऊन रुग्णालयात जातात. पण आपल्याकडे लोक आजही खातातच, ओळखीवर आणि अंदाजावर. नोंदीचा पहिला नियमच असा हवा : टिपायची, खायची नाही. नमुना कागदी पिशवीत जाईल, कढईत नाही. त्यातून गावाला आपल्या परिसरातली विषारी छत्री कोणती हे फोटोसह कळले, तर पावसाळ्यात दवाखान्यातल्या डॉक्टरलाही त्याचा उपयोग होईल.

दुसरा आक्षेप असा, की नावात काय ठेवले आहे. बाजार आपोआप ठरवतो. बाजार काय ठरवतो याचे उदाहरण लंडनचे आहे. २०१४ मध्ये क्यू उद्यानाच्या संशोधकांनी दुकानातून वाळवलेल्या पोर्चिनीचे एक पाकीट आणले आणि त्यातल्या तुकड्यांची जनुकीय तपासणी केली. त्यात बोलेटच्या तीन जाती निघाल्या, आणि तिन्हींना तोवर विज्ञानात नावच नव्हते. माल चीनचा, खाणारे युरोपातले, आणि ताटात काय आहे हे ना विकणाऱ्याला माहीत, ना खाणाऱ्याला. तिथे कोणाला अपाय झाला नाही. जिवंत मुळांवर लावायचे बीज जर अशाच बेनाव पाकिटातून आले तर नुकसान बागेचे होईल, आणि ते दिसायला पाच-सात वर्षे लागतील. तोवर विक्रेता कुठे असेल?

शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यात अळंबी मोजायला सांगणे हा चैनीचा विचार आहे, असेही कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. फसव्या योजनेत पैसे घालवण्याची चैन या जिल्ह्याला परवडत नाही म्हणूनच हे लिहीत आहे. नोंदीला खर्चही फार नाही. फोनवर फोटो : वरून, खालून, आणि मधोमध उभा कापून. कापल्यावर गर निळा पडतो का, किती वेळात. जवळचे झाड कोणते, माती कशी, तारीख कोणती, शेवटचा पाऊस कधी झाला. छत्री कागदावर रात्रभर ठेवली की बीजकणांचा रंग उतरतो. उरलेला तुकडा मंद उष्णतेवर, साधारण चाळीस अंशांवर, वाळवून कोरड्या लिफाफ्यात. बुंध्याजवळची एक मूठ मुळे उकरून गाठी आणि कीटक आहेत का ते पाहायचे, मग माती परत लोटायची. वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालयासारख्या ठिकाणची मुले हे एका दुपारीत शिकतील आणि नालवाडीच्या घराघरांत शिकवतील. मगनवाडीतल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने वाळवणीची सोय केली, नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेने आर्वी-कारंजाच्या काही बागांतली मुळे पाहिली आणि पुण्याच्या संग्रहाने नमुने स्वीकारले, तर साखळी पूर्ण होते.

किमान तीन पावसाळे हे चालावे, कारण एका कोरड्या वर्षात काही दिसले नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. या काळात कृषी विभागाने झाडाच्या मुळाशी लावायच्या कोणत्याही अळंबीच्या बीजाला अनुदान देऊ नये आणि खासगी विक्रीवरही लक्ष ठेवावे. धिंगरीसारख्या काडावरच्या अळंबीचे प्रशिक्षण मात्र खुशाल वाढवावे, तिथे हा धोका नाही. मृगाचा पाऊस पडण्याआधीच्या ग्रामसभेत नालवाडीच्या जैवविविधता समितीने हा विषय घ्यावा, गावातल्या लिंबूवर्गीय झाडांची यादी करावी आणि प्रत्येक झाडामागे पाहणाऱ्या माणसाचे नाव लिहावे. ज्या झाडाखाली काही उगवले नाही, त्याच्यापुढेही तारीख घालून तसे लिहावे.